कोरीचं मनगट

मंगळवार, १९ मार्च २०१९

आज शेरीफच्या ऑफिसातून कोरीचं पिस्तूल परत मिळालं. खाकी कागदाच्या पिशवीत होतं, पिशवीवर तिचं नाव. सही करून घेतलं. सोबत दोन पानी अहवाल. दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ: ‘एक गोळी झाडली गेली. दुसरी अडकली. कारण – वापरणाऱ्या व्यक्तीची पकड ढिली.’

ढिली पकड! अकरा शेळ्या एकटीने सांभाळणारी माझी पोरगी. बोकडाला दोन गुडघ्यांत दाबून त्याचे खूर तासायची. तिची पकड ढिली!

डेप्युटीला विचारलं, हे कुणी ठरवलं? तो म्हणाला, “स्वस्तातलं पिस्तूल जाम झालं की बहुतेक वेळा तेच असतं, मिस्टर मर्ल. मनगट कडक नसलं की पुढची गोळी नीट चढत नाही. बायकांचं तर नेहमीचंच.” आणि कॉफी हवी का म्हणून विचारलं.

घरी येऊन जमीनमोजणीची एक जुनी वही काढली. अर्धी रिकामी आहे. बायकोसमोर, लव्हॉनसमोर, या गोष्टी बोलवत नाहीत. इथे लिहिलेल्या बऱ्या.

२६ फेब्रुवारी, सकाळी साडेसात. शेळ्यांच्या गोठ्यापाशी कोरीच्या अंगावर पाच कुत्री. शहरातले लोक गाडीतून आणून आमच्या रस्त्यावर सोडून जातात तसली. तिथे काय सापडलं ते अहवालात नीट लिहिलंय – एक मेलेलं कुत्रं, झाडलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी, आणि पिस्तुलात चौदा गोळ्या तशाच.

चौदा!


शनिवार, २३ मार्च

ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. कोरीने ऑगस्टमध्ये तिथूनच घेतलं होतं, दोनशे एकोणीस डॉलरला. नाव असलेल्या कंपनीचं साडेपाचशेच्या खाली मिळत नाही, आणि शेळ्यांच्या दुधावर साडेपाचशे येत नाहीत.

ड्वेन भला माणूस आहे. कोरीच्या शवपेटीला खांदा दिला होता त्याने. पण आज काउंटरमागे उभा राहून म्हणतो, “मिस्टर मर्ल, दोनशे डॉलरमध्ये पंधरा गोळ्यांचं पिस्तूल. ते रुळवावं लागतं. पहिल्या पाचशे गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. मी सगळ्यांना सांगतो.”

– तिला सांगितलं होतंस?

“सांगितलं असणारच की.”

ट्रक विकताना कुणी असं सांगतं का – पहिले पाचशे मैल ब्रेक लागले तर लागले! आणि हे सगळे मान डोलावतात. आपल्या पैशाने गोळ्या आणायच्या, आपल्या पैशाने कंपनीचं काम पुरं करायचं, आणि वर अभिमानाने सांगायचं की आता रुळलं हो.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, लाल दाढीचं. ओळख ना पाळख. “माझ्याकडे तेच आहे! अकराशे झाडल्या, एकदा अडकलं नाही. हिऱ्यासारखं पिस्तूल.” पोटच्या पोराचं कौतुक करावं तसा बोलत होता. मग माझा हात धरला आणि मनगट कसं ताठ ठेवायचं ते मला दाखवायला लागला. मला! त्याचा जन्म व्हायच्या आधीपासून मी रायफल क्लबात आहे.

ड्वेनने डोळ्यांनी त्याला गप्प केलं. उशिराच.

पिस्तूल तपासणीसाठी कंपनीकडे पाठवायला ड्वेनकडे दिलं.


सोमवार, २५ मार्च

दफनानंतर घरी जेवण आणून देणाऱ्या चर्चमधल्या बायकांची भांडी परत करायला निघालो. तळाला चिकटपट्टीवर नावं लिहिलेली असतात. सात घरं. सगळीकडे बसा म्हणाले. कुठेच बसलो नाही.


मंगळवार, २ एप्रिल

वाचनालयात गेलो. तिथल्या मुलीला म्हटलं, या पिस्तुलाच्या मालकांचे अनुभव इंटरनेटवर असतील तर काढून दे. एका फोरमवरचीच एक्केचाळीस पानं निघाली! ‘आणखी पुष्कळ आहेत, हवीत का?’ म्हणाली. एवढी पुरे म्हटलं. घरी पेन्सिल घेऊन बसलो.

लोक पहिल्यांदा किमतीबद्दल लिहितात. केवढ्याला मिळालं, कुणापेक्षा किती कमी दिलं. मग हातात कसं बसतं. मग सांगतात – तसं झकास आहे, फक्त अधूनमधून अडकतं. फक्त!

अडकण्याच्या तक्रारी एकोणीस. त्यांतल्या सतरांना मिळालेलं उत्तर एकच – मनगट. आयडाहोच्या एका बाईने लिहिलंय की ती लाकूडतोड करते. तिलाही मनगट. टेनेसीच्या एका माणसाने लिहिलंय, ‘मला हात एकच आहे भावांनो, पण आहे तो चांगला दणकट आहे.’ त्याला खाली कुणीतरी उत्तर दिलंय, ‘मग तोच घट्ट धर!’ त्याखाली हसरे चेहरे. चौदा.

ज्याचं बिघडलं त्याच्याकडे सगळे संशयाने बघतात. आणि ज्यांचं चालतं त्यांना दोष ऐकवत नाही. त्यांनीही तेच घेतलंय ना! शेजाऱ्याचं पिस्तूल खराब असेल तर आपल्याही उशाशी तेच आहे. त्यापेक्षा शेजाऱ्याचं मनगट खराब असलेलं बरं.


शुक्रवार, १२ एप्रिल

कंपनीचं पत्र आलं. पिस्तूलही.

‘पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या. कोणताही दोष आढळला नाही. आपण वर्णन केलेला प्रकार ढिल्या पकडीमुळे घडू शकतो.’ खाली छापील सही. आणि पाकिटात दोन स्टिकर – गाडीच्या काचेला लावायचे. ‘आमच्या कुटुंबात स्वागत!’

मी पिस्तुलासोबतच्या पत्रात लिहिलं होतं की माझी मुलगी गेली. स्पष्ट लिहिलं होतं.

स्टिकर फाडता येईनात. प्लास्टिकचे होते. चुलीत टाकले.


शनिवार, १३ एप्रिल

ऑरिन टॅकेटकडे गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, शेडमध्ये बसून अजून बंदुका दुरुस्त करतो. कंपनीचं पत्र वाचून त्याने चष्मा कपाळावर ढकलला.

“पन्नास झाडल्या. पण एका वेळी किती भरून?”

दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं – दहा-दहाच्या पाच खेपा.

“आणि पोरीने किती भरल्या होत्या?”

पंधरा. पंधरा मावतात म्हणूनच तर घेतलं होतं तिने! पेटीवर मोठ्या आकड्यात छापलंय.

ऑरिन उठला. पिस्तूल शेडमागे नेलं, लाकडी शिकंज्यात आवळून बसवलं, चापाला दोरी बांधली. पंधरा भरल्या. दोरी ओढली – पहिली गेली. दुसरी अडकली. नाक खाली घालून, तिरकी. परत पंधरा. परत तेच. दहा वेळा केलं. सहा वेळा दुसरीला अडकलं. मग तेरा भरून दहा वेळा. एकदाही नाही.

ऑरिन शिकंज्याकडे बोट दाखवून म्हणाला, “याला मनगटच नाही, मर्ल. आता याला सांग म्हणावं, घट्ट धर!”

मी हसलो. साडेसहा आठवड्यांत पहिल्यांदा.

त्याने समजावून सांगितलं. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीत, गोळ्यांच्या दोन रांगा असतात, वरच्या तोंडाशी त्यांची एक रांग व्हायची असते. गच्च भरलं की तिथेच दाटी होते आणि दुसरी गोळी वर यायच्या ऐवजी नाक खाली घालते. मॅगझिनचं तोंड चुकीचं वाकवलंय. एवढंच. पत्र्याचा तुकडा.

येताना गाडीत मोठ्याने बोललो तिच्याशी. मला एकदा दाखवलं असतंस तर! हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा नेलं तेव्हा दहा वर्षांची होतीस. सगळं मी शिकवलं. दोन कमी भर, एवढंच सांगायचं होतं. ऑरिनला पाच मिनिटं लागली, मला दहा लागली असती. का नाही आलीस?


रविवार, २१ एप्रिल. ईस्टर.

चर्चच्या हिरवळीवर डेप्युटी भेटला. ऑरिनने काय केलं ते सांगितलं. तो प्लेटमधलं हॅम कापत ऐकत होता. “लेखी द्या, मिस्टर मर्ल. आज सणाचा दिवस आहे.”

घरी लव्हॉन म्हणाली, “ईस्टरच्या दिवशी तरी ते मनगट सोडायचं होतंस.” मग म्हणाली, “ती ओळ खोडली की ती उठून येणार आहे का?”

नाही येणार. मला माहीत आहे.

पण मी एकतीस वर्षं या काउंटीत जमिनी मोजल्या. कपाटात कागद गेला की तेच खरं. हद्दीचा दगड खरा कुठे होता ते पुन्हा कुणी बघायला जात नाही. पन्नास वर्षांनी कुणी तो अहवाल उघडला तर त्यात काय दिसेल? एक बाई होती, तिला पिस्तूल धरता येत नव्हतं, म्हणून मेली. एवढीच उरेल ती. हे मी होऊ देणार नाही.


बुधवार, २४ एप्रिल

ऑरिनचं लेखी, शिकंज्याचे फोटो, त्याच्या नातीने फोनवर घेतलेली फिल्म – सगळं दोन प्रतींत. एक शेरीफला, एक कंपनीला. पोचपावतीने.


शुक्रवार, ३ मे

कंपनीचा फोन! मुलगी गोड बोलत होती. आम्हाला फार वाईट वाटतं. आम्ही तुम्हाला सुधारलेलं मॅगझिन पाठवतो, मोफत.

– सुधारलेलं म्हणजे?

“तोंडाचा आकार बदललाय, सर. गेल्या सप्टेंबरपासून आम्ही तेच देतोय.”

सप्टेंबर! मग विचारलं, कुणाला देता?

“जे पिस्तूल परत पाठवतात त्यांना, सर. आम्ही सगळ्यांना बदलून देतो. काही प्रश्न विचारत नाही.”

– मग मी पाठवलं तेव्हा का नाही बदललं?

ती कागद चाळत होती. “तुमचं तपासणीच्या खात्यात गेलं होतं, सर. वॉरंटीच्या खात्यात नाही.”

म्हणजे माहीत होतं यांना! सप्टेंबरपासून माहीत होतं. मासिकात पानभर जाहिराती देतात – पंधरा गोळ्या, दोनशे डॉलर! त्यात एक ओळ घालता आली नाही? तिच्या घरी पोस्टकार्ड टाकता आलं नाही? जो तक्रार करून पाठवेल त्याला गुपचूप बदलून द्यायचं, आणि जो विश्वास ठेवून घरात ठेवेल त्याला मनगट! मी आवाज चढवला. आयुष्यात फोनवर कुणावर ओरडलो नव्हतो. ती मुलगी रडकुंडीला आली. तिची काय चूक होती? फोन ठेवला.

लव्हॉन दारात उभी होती. “किती वाजल्यापासून ओरडतोयस?” म्हणाली. मग माझ्यासमोर ग्लासभर पाणी ठेवलं.


गुरुवार, ९ मे

शेरीफने बोलावलं. स्वतः उठून हात मिळवला. नवीन पान टाइप करून ठेवलं होतं. ‘दुसरी गोळी अडकली. कारण – मॅगझिनमधील यांत्रिक दोष. वापरणाऱ्या व्यक्तीची चूक नाही.’ जुनं पान माझ्यासमोर काढून घेतलं. डेप्युटी म्हणाला, “माझं चुकलं, मिस्टर मर्ल.” साधा मुलगा आहे. त्याला कुणीतरी तसंच शिकवलेलं.

येताना ड्वेनच्या दुकानात थांबलो. ते पान काउंटरवर ठेवलं. त्याने वाचलं, आणि फळीवरची तसली चार पिस्तुलं काढून आत नेऊन ठेवली.

लव्हॉनने दोनदा वाचलं. मग घडी घालून बायबलमध्ये ठेवलं, कोरीचा जन्मदाखला आहे तिथे. “चांगलं केलंस, मर्ल,” म्हणाली. आम्ही दोघांनी नीट बसून जेवण केलं. बीन्स आणि मक्याचा पाव. आज झोप लागेल असं वाटतं.


शनिवार, ११ मे

लव्हॉनने शेळ्यांच्या नोंदणीसाठी कोरीचा कॉम्प्युटर उघडला होता. मला हाक मारली, आणि मी खोलीत येताच उठून बाहेर गेली.

तोच फोरम. कोरीने लिहिलेलं. तारीख १४ ऑक्टोबर, रविवार.

‘सल्ल्याबद्दल आभार. कंपनीला परत पाठवायचं म्हणून खोक्यात भरलं होतं, गाडीतच होतं. पण आज डॅडींकडे जेवायला गेले तेव्हा त्यांना विचारलं. ते मॅच बघत होते. म्हणाले, पिस्तुलाला काही झालेलं नाही, तुझं मनगट ढिलं आहे. खोकं उघडून पिस्तूल परत घरी आणलं. चाळीस वर्षं बंदुका हाताळतायत ते, त्यांना कळतं.’

मला आठवत नाही.