झोयाला डोस नाही

४ जाने. २००८, शिरूर
पुण्याहून परत. तान्ह्या झोयाच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी जवळजवळ नाहीतच. डॉक्टरबाईंनी रेघा ओढून दाखवलं. प्रत्येक टी पेशी तयार होताना आपल्या जनुकाचे तुकडे कापते, वेगळ्या क्रमानं जोडते, म्हणून एकेक पेशी वेगळा जंतू ओळखते. झोयात कापणारी कात्रीच निकामी. पेशी वाढायच्या आधीच मरतात. निम्मा दोष माझ्याकडून, निम्मा सलीमकडून.
सासू म्हणजे माझी सख्खी फुफी, अब्बांची बहीण. माझा अयान पाच महिन्यांचा असताना गेला तेव्हा गल्लीभर सांगत होती, हिचं दूध बाधलं.

५ जाने.
सलीम म्हणतो, "अम्मीला हे सांगू नको, तिला लागेल."
आणि मला लागलं ते? भांडी आपटली.

८ जाने.
पोलिओवाले दारात. थेंबांत जिवंत विषाणू, झोयाला चालत नाही. थोरल्या सानालाही नाही, तिच्याकडून झोयाला जाईल. सगळं समजावलं. त्यांचे साहेब म्हणाले, "आम्हाला न्हाई असलं कुणी सांगितलं. शिकलेल्या हायेत म्याडम तुम्ही. पन तुमच्या लोकात ह्येच चालतंय."
तुमच्या लोकात. दरवर्षी शाळेत याच थेंबांसाठी पोरांची रांग मी लावते.
डोस नाकारणारं घर म्हणून दारावर खडूनं फुली मारून गेले.

९ जाने.
शाळेतून आले तर सानाच्या बोटाला शाई. फुफीनं स्टँडवरच्या पोलिओ बूथवर नेलेलं.
"लोक नावं ठेवत होते. दोन थेंबांनी काय होतंय?"
मग सांगितलं. अयानचंही. तुमच्या मुलाकडूनही आलंय, फुफी, आपल्याच घराण्यातलं आहे. माझं दूध नव्हतं ते.
फुफी जेवली नाही. मीही विचारलं नाही.

१० जाने.
डॉक्टरबाईंना फोन. दीडदोन महिने दोघी बहिणींना लांब ठेवा. सानाला तळेगावला अब्बांकडे पाठवलं.
झोयाला बोनमॅरो द्यायला सानाचंच रक्त जुळायची जास्त आशा. तिलाच घराबाहेर काढायची वेळ. डोकं फुटेल असा राग. कुणावर काढू?

१९ जाने.
सानाचं रक्त तळेगावहून परस्पर पुण्याला नेऊन दिलं. रिपोर्ट नाही अजून. झोयाला पुन्हा ताप.
फुफी झोयाच्या खोलीशी आली. "हात धुतलेत मी, येऊ का आत?"
दार उघडलं नाही.
संध्याकाळी सानाचा फोन. "मम्मी, माझं काय चुकलं?"
काही नाही म्हटलं. तिनं परत तेच विचारलं.