आमच्या ब्लॉकच्या खताचा सत्यनारायण

पिपलानी, भोपाळ
शुक्रवार, सकाळ

श्री. अशोकभावजी यांस मालतीवहिनीचा नमस्कार.

आमच्या ब्लॉकमधल्या चौदा घरांनी मिळून केलेलं खत येत्या रविवारी वाजतगाजत मोठ्या तलावात बुडवायला निघणार आहे, आणि मला ते थांबवायचं आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आधी प्रकृतीची चौकशी करायची असते हे मला माहीत आहे, तर तीही करते. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? कांचनचे गुडघे बैतूलच्या थंडीत धरत असतील, तिला तिळाचं तेल लावायला सांगा. इकडे तुमचे दादा ठणठणीत. मी मात्र गेल्या रविवारपासून थक्क होऊन बसले आहे, आणि मला बसायची सवय नाही हे तुम्ही जाणताच.

क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत खड्डा करून ओल्या कचऱ्याचं खत करायचं, ही कल्पना माझी. इस्टेट ऑफिसच्या सक्सेनासाहेबांकडून जागा मिळवली तीही मीच. तुमच्या दादांनी त्या एका खड्ड्याची तीन ड्रॉइंग काढली: वरून, समोरून आणि बाजूने. (खड्डा समोरून कसा दिसतो, हे मी विचारलं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.) मग मी घरोघर जाऊन ओला कचरा या बादलीत आणि सुका त्या बादलीत, असं समजावून आले. कोणी कुरकुर केली नाही. सगळी कारखान्यातली माणसं; सूचना लेखी असली की पाळतात. भाजीची देठं, चहाचा चोथा, ताटातलं उरलंसुरलं, सगळं नेमाने येत गेलं. वर शेणकाला, वर वाळका पाला. दिवाळीनंतर खड्डा उघडला तर भावजी, आत काळंभोर, भुसभुशीत खत. वास म्हणाल तर नावाला नाही. सगळा ब्लॉक बघायला लोटला, हातात घेऊन चोळून बघितलं, वाहवा केली. मी घमेली काढून ठेवली होती. एकीनेही घमेलं उचललं नाही.

शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "मालतीताई, खत फस्क्लास झालंय हो. पण तुळशीला कसं घालू? चौदा घरांचं उष्टं आहे ते." वरच्या मजल्यावरच्या मिश्रा भाभी म्हणाल्या, "और घोष दीदी के यहाँ की मछली भी तो है इसमें।" मी सांगितलं की आता त्यात मासळी नाही आणि उष्टंही नाही, सगळ्याची माती झाली आहे, मी नागपूरला बी.एस्सी. झाले ती वनस्पतिशास्त्र घेऊनच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन बाजारातून खताची पिशवी मागवली. (त्या पिशवीत कोणाचं उष्टं होतं हे एकीनेही विचारलं नाही.) निदान घोषबाई तरी नेतील असं वाटलं होतं. त्यांनीही मान हलवली. त्यांचं म्हणणं, बाकीच्या तेरा घरांचं उष्टं आहे. म्हणजे कचरा वेगळा करायला सांगितला तो यांनी आनंदाने केला. तो पुढे एकत्र झाला ही यांची तक्रार.

तेवढ्यात सक्सेनासाहेबांचा निरोप आला. ढीग सोमवारपर्यंत उचलला नाही, तर ट्रक येऊन तो शहराबाहेरच्या खंतीवर टाकील (खंती म्हणजे इथला कचऱ्याचा डोंगर), खड्डा बुजवला जाईल आणि वर स्कूटरसाठी शेड होईल. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. ज्या खताला गिऱ्हाईक नाही, त्याला जागा कोण देईल? पण ज्या कचऱ्याची माती झाली, तो पुन्हा कचऱ्यातच जाणार, हे काही माझ्याने बघवेना.

म्हणून शांताराम गुरुजींकडे गेले. हे गुरुजी आठवडाभर कारखान्याच्या स्टोअर्समध्ये असतात आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. त्यांनी डोळे मिटून निकाल दिला. "वहिनी, कच्चा माल आणि तयार माल यांचा कोड वेगळा असतो. उष्टं हा कच्चा माल. खत हा तयार माल. दोन्ही एका रॅकवर लावताच येत नाहीत." मला हे इतकं पटलं की आपल्याला हे सुचलं नाही याचा राग आला. पुढे ते म्हणाले, तरी कोणाच्या मनात किंतु असेल तर खड्ड्यापाशी एक सत्यनारायण घाला, शुद्ध होऊन जाईल. तुम्हाला ठाऊक आहे, नवा फ्रिज आला तेव्हाही मी त्याला कुंकू लावू दिलं नव्हतं. पण इथे प्रश्न खड्ड्याचा होता, म्हणून कबूल झाले.

पूजा उत्तम झाली. खड्ड्याच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब, वर झेंडूची तोरणं. कथेला चौदाही घरं हजर, घोषबाईसुद्धा. आरती झाली आणि मी पुन्हा घमेली पुढे केली. भावजी, सगळ्या बायका पुढे आल्या त्या वाट्या आणि द्रोण घेऊन. सत्यनारायण घातला ना, मग तो प्रसाद झाला, आणि प्रसाद काही कोणी घमेल्याने नेत नाही. कमलताईंनी उजव्या हाताखाली डावा हात धरून चिमूटभर घेतलं, कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकाला बांधलं. तुळशीला घालणार का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "छे हो, देवघरात ठेवीन. पाय लागायला नको." मिश्रा भाभींच्या सासूबाईंनी तळहातावर घेतलं आणि कोणी हां हां म्हणायच्या आत तोंडात टाकलं. जरा वेळ चावून म्हणाल्या, "बहू, मीठा कम है।" (त्यांची तब्येत उत्तम आहे. मी रोज विचारून येते.)

ढीग होता तेवढाच राहिला. काल ट्रक आला. ड्रायव्हरने केळीचे खांब पाहिले, हळदकुंकू पाहिलं आणि चपला काढल्या. "मॅडम, ये पूजा का सामान है। खंती में नहीं डालूँगा, पाप लगेगा।" मी सक्सेनासाहेबांना बोलावून आणलं, तर त्यांनीही बूट काढले. आणि मिश्रा भाभींनी जागच्या जागी ठरवून टाकलं की आता याचं विसर्जनच करावं लागेल. रविवारी, मोठ्या तलावात. बॅन्डवाल्याला विसारही दिला. ज्या तलावाचं पाणी अर्धं शहर पितं, त्यात ट्रकभर खत. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "भाभीजी, शुद्ध तो आपने ही करवाया।" मी हार मानून घरी आले. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

असो. मन मोकळं करायला आपलं माणूस लागतं, म्हणून लिहिलं. दुसरं काही काम नव्हतं. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मालतीवहिनी

ता.क. — काम आहे. काल संध्याकाळी पुन्हा गुरुजींकडे गेले होते. ते म्हणाले, प्रसाद परगावच्या नातेवाइकांना पाठवायला काही हरकत नाही आणि किती पाठवावा याला मर्यादा नाही. हे मी सक्सेनासाहेबांसमोर आणि मिश्रा भाभींसमोर त्यांच्याकडून वदवून घेतलं. खड्डा रिकामा झाला तर सोमवारपासून नवा कचरा घालायला सक्सेनासाहेब तयार आहेत. बॅन्ड तेवढा गल्लीच्या तोंडापर्यंत वाजेल. परगावी राहणारे आणि पेरूची झाडं असलेले आमचे नातेवाईक तुम्ही एकटेच. पत्र वाचून होईपर्यंत टेम्पो तुमच्या दारात उभा असेल. पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती दिलं आहे.

ता.क. दुसरा — कांचनला यातलं काही सांगू नका. उष्टं म्हणालात तर ती फाटकाच्या आत घेणार नाही, आणि प्रसाद म्हणालात तर पोती देवघरात लावील. भोपाळचं खत, एवढंच सांगा.

ता.क. तिसरा — मी स्वतः आमच्या तुळशीला घातलं का, असं तुम्ही विचाराल. घालायला निघाले होते. "आईची तुळस आहे, तिला राहू दे," म्हणून तुमच्या दादांनी घमेलं हातातून काढून घेतलं. मी फारसा वाद घातला नाही.

टेम्पोवाले गोपीनाथ यांच्या हाती दिलं ते असं:
खत, पोती अकरा. बारदान करोंदच्या मंडीतलं आहे, झटकून परत पाठवावं.
पंजिरी, डबा एक. खायचा प्रसाद हाच.
सुपारीचा गणपती, एक. पूजा आवरताना खड्ड्यात पडला, तो अकरापैकी कुठल्या तरी पोत्यात आहे. सापडल्यास कळवावं. न सापडल्यास तो तुमच्या पेरूखाली सुखाने नांदतो आहे असं समजून गोपीनाथ यांना पोच लिहून द्यावी.