मूर्तीचा नवा तळ

कोरोगोजवळ, ४ मार्च १९८८

चि. झाना यास अनेक आशीर्वाद.

आईने कालपासून बाजरीची पेजही नाकारली आहे. आज नाही तर उद्या. देवराईतल्या लाकडी मूर्तींच्या जोडीपैकी पुरुष इथे आहे, बाई तुझ्याकडे. वाळवीला धुरी द्यायला म्हणून नेलीस, त्याला पाच महिने झाले. माती देताना दोघांना आपटून त्यांचे ठोके जमिनीवर पडल्याशिवाय आई पूर्वजांत पोचायची नाही, हे मी तुला शिकवायला नको. बसच्या ड्रायव्हरबरोबर लगेच पाठव.

लोभ कामातून दिसू दे.

चेवाताई

बुआके, ६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मूर्ती पाठवली आहे. रागावू नकोस. वाळवीने तळ पार पोखरला होता. कोलो सुताराने तो कापून नवा बसवला आणि रंग असा जुळवला, की सांधा सापडायचा नाही. देवराईतले म्हातारे तसेही डोळ्यांनी अधू. तू बोलली नाहीस तर कोणाला कळते? शिकलेली माणसे आपण, लाकूड ते लाकूड.

धाकाबरोबर थोडी मायाही असू दे.

तुझा झाना

कोरोगोजवळ, ८ मार्च

चि. झाना यास,

आई काल पहाटे गेली.

म्हाताऱ्यांना डोळ्यांची गरजच पडली नाही. मूर्ती एकदा आपटली आणि खाली ठेवली. म्हणाले, या पायाने अजून कुणाला पोचवलेले नाही, हिला वाट ठाऊक नाही. जुना तळ तू विकलास, असे गाव म्हणते. मी सांगितले, माझा भाऊ मूर्ख आहे, चोर नाही.

शकुनवाल्या मावशीने कवड्या टाकल्या, कौल आला. ज्याने न विचारता पाय बदलला, त्यानेच पहिला ठोका द्यायचा. पण तू पोरोची, देवराईतल्या पुरुषांच्या मंडळाची, दीक्षा तिच्या पाचव्या वर्षी अर्ध्यावर सोडून रेल्वेच्या परीक्षेला पळालास. अर्धवट माणसाने मूर्तीला हात लावायचा नाही. म्हणून आधी दीक्षा घेणाऱ्या पोरांच्या मागे रांगत देवराईत जायचे. राहिलेली दीक्षा म्हातारे एका दिवसात उरकून घेतील. पोरे हसतील, छडीही मारतील. साहेब असशील तो बुआकेत.

परवा संध्याकाळी माती द्यायची. आला नाहीस तर जोडीतला एकटा पुरुष आपटतील, आणि आई अर्ध्या वाटेत राहील. मग मला पत्र लिहू नकोस.

चेवाताई

बुआके, ९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला, मंजुरीला थांबलो नाही. याच बसने निघतो आहे. स्टँडवरून मी थेट देवराईत जाणार आणि तुम्हा बायकांना तिथे मज्जाव, म्हणून ही चिठ्ठी ड्रायव्हर तुला घरी आणून देईल. कोलोने जुना तळ चुलीत घातला. ते मी म्हाताऱ्यांना माझ्याच तोंडाने सांगेन.

चुकलो. आईच्या कानात सांग, झाना रांगत येतो आहे, तेवढी थांब.

तुझा झाना