नवव्या इनिंगमधली हिट

केस्टरव्हिल, आयोवा
९ जुलै २०१९

प्रिय लायल,

तू आणि जोअ‍ॅन बरे असाल असं धरून चालतो. फोन तर तू उचलत नाहीस. इथे उकाडा आहे. मका खांद्याला लागलाय. नॉर्माचा गुडघा तसाच, आणि ती डॉक्टरचं ऐकत नाही तेही तसंच.

क्लबच्या ऑफिसातली टेस काल तिसऱ्यांदा येऊन गेली. मिलर्सच्या बेसबॉलच्या इतिहासाचं पुस्तक काढतायत. म्हणाली, "बासष्ट वर्षांत आपल्या एकाही पिचरने एकही हिट न देता सामना काढला नाही. नो-हिटरचं पान कोरंच सोडू का?"

"सोड. शाई वाचेल."

ती हसली नाही. एक्काहत्तर सालचं माझं स्कोअरबुक तिने पुढ्यात ठेवलं.

पेपरची बातमीही मीच लिहायचो आणि फलंदाजाने मारून कमावलेली हिट की फील्डरची चूक, हे ठरवणारा अधिकृत स्कोअररही मीच. नववी, शेवटची इनिंग, दोन बाद, एकच गडी उरलेला, आणि आपला पिचर ऑरिन, त्याने तोवर एकही हिट दिलेली नाही. रिवाजाप्रमाणे त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं, 'नो-हिटर' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. आणि चेंडू तिसऱ्या बेसवर तुझ्याकडे आला.

अशा वेळी जरा जरी शंका असली तरी फील्डरची चूक धरायची, म्हणजे नो-हिटर टिकतो, हे शिकाऊ स्कोअररलाही ठाऊक असतं. मी हिट लिहिली. प्रेक्षकांतून म्हातारा ग्रँडी ओरडला, "व्हर्न, डोळे फुटले का तुझे?" पुढचा गडी ऑरिनने तीन चेंडूंत बाद केला. तीन!

तेव्हापासून गावात मी 'नियमाचा पक्का' माणूस. मागच्या महिन्यात जेवणावळीत तूही ग्लास उंचावून उभा राहिलास: "माझा भाऊ इतका सरळ की स्वतःच्या गावालाही सूट दिली नाही!" सगळे हसले. ऑरिनसुद्धा. मला त्या हसण्याचा वीट आलाय, लायल. सर्वांत जास्त तुझ्या.

चेंडू वेडावाकडा उसळला म्हणून हिट, असं मी सांगितलं. तो उसळला नव्हता. तो तुझ्या ग्लोव्हमध्ये बसला आणि सुटला. मी दुर्बिणीतून पाहिलं. फार चुका करतोस म्हणून वरच्या लीगने तुला आदल्या वर्षी नाकारलं होतं, आणि सोमवारी त्यांना फोनवर तुझे नवे आकडे मीच सांगणार होतो.

पार्किंगमध्ये तू विचारलंस, "उसळला होता ना रे, व्हर्न?"

मी म्हणालो, "हो." आपण दोघंही खोटं बोललो.

तुला बोलावणं आलं. अकरा सामने खेळलास आणि परत आलास. त्या अकरा सामन्यांसाठी ऑरिन अठ्ठेचाळीस वर्षं लोकांना समजावतोय की जाऊ द्या, व्हर्नने प्रामाणिकपणे लिहिलं. माझी बाजू घेतो तो! हे मला आता ऐकवत नाही.

लीगचं म्हणणं आहे, स्कोअररने स्वतः लेखी दिलं तरच हिटचा निर्णय बदलेल. मी लिहिलंय. शुक्रवारी टेस पाकीट न्यायला येईल. त्यात तुझं नाव आहे, कारण चूक कुणाच्या तरी नावावर टाकावीच लागते. माझ्या चुकीसाठी तिथे रकाना नाही, म्हणून ती खाली वेगळी लिहिली आहे.

त्याआधी ऑरिनच्या घरी जा. फोन नको, जा. त्याला हे पुस्तकात वाचावं लागू नये. तू गेला नाहीस तर गुरुवारी मी जाईन, आणि पार्किंगमधलं बोलणंही सांगेन.

त्या दिवशी स्कोअरर नव्हे, फक्त तुझा भाऊ असलेला,
व्हर्न