आयत्या पाण्याचा बंधारा

प्रिय आत्ये,

काल तुझं बारावं झालं. जेवणं उरकल्यावर सरपंच ओटीवर बसून तुझ्यासाठी रडला आणि सगळं गाव हळहळलं. मी मात्र आतल्या आत धुमसत होतो. ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं, दर मार्गशीर्षात घरटी एक माणूस कुदळ घेऊन ओहोळावर जायचा आणि सगळे मिळून मातीचा बंधारा घालायचे? तुझ्या घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तूच उभी राहायचीस. पाणी कुणाला किती, यावर तिथंच चिखलात भांडणं व्हायची. तुझा आवाज सगळ्यांत मोठा!

मग आम्ही मुंबईकर शहाणे झालो. गावच्या मंडळाचा चिटणीस मीच. वर्गणी काढून दगडी बंधाऱ्याला पैसे पाठवले, पुढेही पाठवत राहिलो. सरपंचाने घरपट्टी मागणंच सोडून दिलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मजूर बाहेरून आले, कुदळी माळ्यावर गेल्या आणि ग्रामसभा कधी बंद पडली ते कुणाला कळलंही नाही.

तुला कळलं होतं. सभा कधी घेणार, असं तू एकटी त्याच्या दारात जाऊन विचारून आलीस. त्या हिवाळ्यात तुझ्या कुणग्याला, त्या भाताच्या एवढ्याशा तुकड्याला, त्याने पाणी सोडलंच नाही. भात उभं करपलं. मी मे महिन्यात आलो तेव्हा म्हणालीस, "माझी पट्टी तेका नको झाली, मगे माझो सवाल तो कित्याक आयकतलो?"

आणि मी काय म्हणालो? चांगल्या कामात मोडता घालू नकोस! इतकं शिकून मला एवढं कळू नये? पण तूही, आत्ये, दोन शब्द खरमरीत सुनवायचे होतेस. नुसती पेज वाढलीस.

काल मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, सभा कधी? त्याने मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमचे पैसे येतत, कामां होतत. सभा कित्याक होयी?" ओटीवर वीसेक माणसं होती. एकजणही बोलला नाही.

परवा मुंबईला पोहोचतो. मंडळाच्या बैठकीत सांगणार आहे, गावात सभा होऊन पाणीवाटप ठरेपर्यंत पैशांवर माझी सही होणार नाही. चिटणीसपद गेलं तर जाऊ दे. पैसे थांबले की गाव त्याला नाही, मलाच शिव्या घालील. घालू दे. शब्द देतो, एकही शिवी उलटवणार नाही. निदान माणसं तोंड तर उघडतील.

तुझा उशिरा शहाणा झालेला भाचा,
बाबल्या