बिजागरीत सापडलेले बूट

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, माझ्या स्वयंपाकघराचं दार. तू तीन दिवस राहून गेलीस, तेव्हापासून ते लागत नाही. गेली बावीस वर्षं ते निमूटपणे उघडत होतं आणि निमूटपणे मिटत होतं. माझ्या संपादकांबद्दल असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. आता ते दोन बोटं उघडं राहतं आणि त्या फटीतून तळलेल्या कांद्याचा वास थेट माझ्या लिहिण्याच्या टेबलावर येऊन बसतो. दर आठवड्याला लोकांना हसवण्याचं काम असलेल्या बाईने डोळे पुसत लिहायचं, हे कुठल्या न्यायात बसतं, ते तूच सांग. सुतार येऊन गेला. बिजागरीत कोणीतरी काहीतरी जाडजूड दाबून चिरडलंय, असं त्याचं मत पडलं. घरात घुशी आहेत का, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, भाची येऊन गेली.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. झाडताना कॉटखाली तुझे गुलाबी बॅलेचे बूट सापडले. त्यांची दशा बघून माझा जीव गलबलला. तळवा मधोमध मोडलेला, टाचेकडचा खिळा उपटलेला, टोकावरचं साटीन कापून काढलेलं, आणि टोक तर कोणी दगडाने ठेचल्यासारखं. पोर असले बूट घालून नाचते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही, असं वाटलं. मी ते कोपऱ्यावरच्या चांभाराकडे नेले. त्याने उलटेसुलटे करून पाहिले आणि ही मोडतोड जाणत्या हाताची दिसते, असं काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, बाबा रे, तू तळवा बसव, तपास नको लावू. त्याने जाड चामड्याचा तळवा ठोकला, टोकात खळ भरून ते पक्कं केलं, वर ठिगळही लावलं. आता त्या बुटाने भिंतीत खिळा ठोकता येईल. मी ठोकून पाहिला.

पार्सल आजच टाकलंय. आभार मानू नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, त्यात घट मात्र होऊ देऊ नये.

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

पार्सल नाचाच्या वर्गातच उघडलं, ही माझी चूक. अकराच्या अकरा मुली जमिनीवर लोळल्या. आमच्या बाई कधी हसत नाहीत, पण त्यांनीही एक बूट हातात घेतला, वाकवून पाहिला, वाकेना, आणि मग त्या पियानोजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. हा दुरुस्त करणारा माणूस पूल बांधतो का, असं त्यांनी मला विचारलं.

आत्या, ते बूट मोडलेले नव्हते. मी ते मोडले होते. नवे बूट लाकडासारखे कडक येतात. मग प्रत्येक मुलगी आपापल्या पावलाला जमेल तसे ते मोडून घेते. कोणी जिन्याच्या पायरीवर आपटते, कोणी पायाखाली तुडवते. मी टोक दाराच्या बिजागरीत धरून हळूहळू दार ओढते. तेव्हा दाराची माफी मागते. वार्षिक कार्यक्रमासाठी म्हणून ती जोडी मी तीन संध्याकाळी खपून तयार केली होती. तू आणि चांभारकाकांनी ती एका दुपारीत पुन्हा नवी केलीत.

पण तू वाईट वाटून घेऊ नकोस, कारण ती जोडी मला बहुतेक लागणारच नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. डाव्या पायाची नडगी पाच आठवडे दुखतेय. आधी फक्त वर्ग संपल्यावर दुखायची. आता जिना उतरतानाही दुखते, आणि गेल्या आठवड्यापासून नुसती बसले तरी. तुझ्याकडे मी खरं म्हणजे पाय लपवायला आले होते. हाडाला बारीक चीर गेली असेल, अशी डॉक्टरांना शंका आहे. गुरुवारी मोठ्या मशीनमध्ये फोटो काढणार आहेत. चीर निघाली तर सहा महिने नाच बंद. आणि मार्चच्या कार्यक्रमात जी नाचत नाही, तिला पुढच्या वर्गात घेत नाहीत, असा इथला नियम आहे.

बाबांना कळवू नकोस. ते फोनवर सगळ्यात आधी पाय कसा आहे म्हणून विचारतात, आणि मी छान आहे म्हणते. तीन वर्षं तेच म्हणत आलेय, त्यामुळे आता खोटं बोलताना आवाजही बदलत नाही.

दाराची आणि माझी काळजी करू नये, लोभ तेवढा धरून ठेवावा.

तुझी,
टिटवी

१२ फेब्रुवारी

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मग वर येऊन पुन्हा वाचलं.

चांभाराला सगळं सांगितलं. त्याला वाटलंच होतं, एवढंच तो म्हणाला. असा सभ्य माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

आता माझं ऐक. तू माझ्याकडे होतीस तेव्हा जिना तिरकी होऊन, कठडा धरून उतरत होतीस. मी कारण विचारलं, तर नाचणाऱ्यांची हीच ऐट असते, म्हणालीस. मी ते खरं मानलं. नुसतं मानलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ते सदरात घातलं. कलावंत पोरींना साधा जिनाही साधेपणाने उतरवत नाही, अशा मजकुराचा चांगला परिच्छेद झाला होता. सात वाचकांची पसंतीची पत्रं आली. ती सातही मी काल फाडली. माणसं कशी चालतात, कशी बसतात, हे बघण्याचेच मला लोक पैसे देतात, आणि माझ्याच घरातलं पोर कळ सोसत उतरतंय, हे मला दिसलं नाही. याची माफी मी पत्रात मागते, कारण समोर मागताना मी नक्की काहीतरी गमतीचं बोलले असते.

दादाला मी सांगणार नाही. तू सांगणार आहेस, आणि गुरुवारच्या आधी. तुझा बाप घाबरला की बोलत नाही, घरातली घड्याळं उघडून बसतो. त्याला घाबरू दे. त्यासाठीच बाप असतो. त्या मशीनच्या खोलीबाहेर तुझं कोणीतरी बसलेलं असायला हवं, आणि तिथे माझ्यापेक्षा तो बरा. मी तिथल्या परिचारिकांशी भांडले असते.

निकाल मला त्याच दिवशी कळव. तोवर लोभ वगैरे काही मागत नाही.

आत्या

१६ फेब्रुवारी

चि. छोटीस, आशीर्वाद.

टिटवीचं हाड शाबूत आहे. चीर नाही.

नडगीच्या कडेने जिथे स्नायू हाडाला धरून असतो, तिथे सूज आहे. आणखी दोन आठवडे तशीच नाचली असती तर चीर पडली असती, असं डॉक्टर म्हणाले. एकवीस दिवस उडी नाही, टाचा उचलायच्या नाहीत. ती आत होती तो पाऊण तास मी समोरच्या भिंतीवरचा दात कसे घासावेत याचा तक्ता वाचत होतो. आता कोणीही विचारावं. ती बाहेर आली, तिने सांगितलं. मी हातातल्या घड्याळाला चावी दिली. तिने मग माझा हात धरून मला बाकावर बसवलं. खरं म्हणजे हे उलट व्हायला हवं होतं.

घरी येऊन घड्याळं सगळी जोडून टाकली. एक चाक उरलंय, ते कुठलं ते कळत नाही. घड्याळं मात्र चालू आहेत.

तू तिला काय लिहिलंस ते माहीत नाही. पण लिहिलंस ते बरं केलंस. तब्येतीला जप आणि लोभ ठेव.

दादा

१ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

चौदा दिवस झाले, सात उरलेत. दुखणं गेलंय, म्हणजे सकाळी उठल्यावर मी ते शोधते आणि ते सापडत नाही.

आमच्या इथली एक रीत तुला सांगायची राहिली. ज्याला नाचता येत नाही त्याला सुट्टी नसते. त्याने पियानोशेजारी बसून सगळा नाच हातांनी करायचा. म्हणजे तळहात ही पावलं. पाऊल पुढे टाकायचं तिथे हात पुढे, गिरकी असेल तिथे बोटाने हवेत गोल, उडी असेल तिथे हात वर आणि अलगद खाली. पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली. मुली घामाने निथळताहेत आणि मी खुर्चीत बसून माशा वारल्यासारखे हात हलवतेय. त्यात पियानो वाजवणारे काका माझ्या अगदी कानाशी.

चौथ्या दिवशी एक गंमत झाली. तीन वर्षं मी ते संगीत रोज ऐकतेय, पण खरं म्हणजे ऐकत नव्हते. मी आकडे मोजत होते, एक ते आठ, आणि आठनंतर कुठे दुखणार त्याची वाट बघत होते. खुर्चीत बसल्यावर मोजायला काही उरलं नाही. डाव्या हाताचे सूर खाली चालत जातात आणि उजवा हात त्यांची वाट पाहत वरच थांबतो, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. माझे हात आपोआप थांबले. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. आठ वर्षांची असताना मी नाचायला का लागले होते, ते इतकी वर्षं मी विसरले होते, आणि ते जसंच्या तसं परत आलं.

बाई मागे उभ्या होत्या. आज त्यांनी मला कार्यक्रमासाठी दोन मिनिटांचा संथ नाच दिलाय, एकही उडी नसलेला, एकटीचा. वर्गातला सगळ्यात सोपा नाच आहे, असं मुली म्हणतात. पायांपुरतं ते खरं आहे. पण एवढ्याने नियम पाळला असं धरतील का, ते बाई सांगत नाहीत. तू आणि बाबा तेवीस तारखेला या.

बुटांची नवी जोडी मी वसतिगृहाच्या दारात मोडलीय. त्या दारावरही लोभ असावा.

तुझी,
टिटवी

२६ मार्च

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

कार्यक्रमानंतर तुला भेटले तेव्हा मी फक्त तुझा अंबाडा सुटलाय, एवढंच बोलले. तू ते माफ केलं असशील. बाकीचं आता लिहिते.

माझी मान गेले तीन महिने आखडलीय हे कोणाला सांगितलं नव्हतं. लपवालपवी आपल्या घराण्यातच आहे. टेबलाशी वाकून वाकून ती उजवीकडे वळेनाशी झाली होती, आणि सदर तर महिनाभर नुसतं उरकत होते. सभागृहात मला खांबाआडची खुर्ची मिळाली. तक्रारीचा मजकूर मनात तयारही झाला. मग तू आलीस. तू काहीच केलं नाहीस, नुसती चालत पुढे आलीस, डावं पाऊल टेकवलंस आणि थांबलीस. त्या पावलावर तू सगळा भार टाकलास तेव्हा दादाने माझं मनगट धरलं. पाऊल डगमगलं नाही. पुढची दोन मिनिटं मी काय पाहिलं ते मला लिहिता येत नाही, आणि न लिहिता येणं ही माझ्या धंद्यात सुट्टीच आहे. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा लक्षात आलं, मी खांबाच्या उजवीकडून वाकून, मान पुरती वळवून बघत होते. ती अजून वळतेय.

तुमच्या बाई दाराशी भेटल्या. पुढच्या वर्गाची यादी सोमवारी लागेल, पण वाट बघण्याची गरज नाही, असं त्या दादाला म्हणाल्या. दादाने मान डोलावली. बसमध्ये बसल्यावर त्याने विचारलं, बाई हो म्हणाल्या ना? मी हो म्हटलं. पुढच्या थांब्यावर त्याने पुन्हा विचारलं.

पाय जप. दुखलं की आधी आम्हाला सांग, मग सोस. आमच्यावरचा लोभ इतक्या वर्षांचा आहे, तो असाच चालू द्यावा.

तुझी,
आत्या

ता. क. सोबत कार्यक्रमपत्रिकेचा एक कागद आहे. तो आपला नाही. पत्रिका छापल्या तेव्हा तू खुर्चीत होतीस, त्यामुळे छापील यादीत तुझा नाच नव्हता. बाईंनी उरलेल्या प्रतींवर तो शाईने लिहिला, आणि आपल्याला मिळाली ती आधी वाटलेल्यांतली, शाईची ओळ नसलेली. शेजारी बसलेल्या काठीवाल्या आजींनी हे पाहिलं आणि आपली प्रत दादाला बघायला दिली. दादाने ती बघितली, घडी घातली आणि खिशात टाकून घरी आणली. त्यांची नात तुझ्याच वर्गात आहे, पिवळ्या पट्टीची. तिच्याकडून आजींना पोचव. आपल्या प्रतीवर ती ओळ मी माझ्या हाताने लिहिली, तुझ्या नावासकट, आणि दादाच्या खिशात ठेवली आहे.