गेंडा नसलेल्या गेमची हकिगत

ती. मामांच्या चरणी भाचीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. दिवसभर खुर्चीत बसून पाठ आता त्याच आकाराची झाली आहे.) मामीला माझा नमस्कार वेगळा सांगा, तुमच्यातला अर्धा काढून देऊ नका. नवा चष्मा लागू पडलेला दिसतो. मागच्या पत्रातल्या ओळी उतरणीला लागल्या होत्या, या वेळच्या सरळ आहेत. मामीचं शिवणयंत्र तुम्ही 'जरा बघतो' म्हणून उघडलं होतं, ते परत मिटलं की नाही तेवढं कळवा. आई रोज विचारते. आईचा खोकला गेला, मात्र खोकल्याबद्दल बोलणं अजून राहिलं आहे. बाकी आम्ही सगळे मजेत.

आता तुमच्या पत्राबद्दल. भाचीने बनवलेला गेम घ्यायला तुम्ही मुद्दाम कपडे बदलून दुकानात गेलात, कंपनीचं नाव सांगितलंत, आणि दुकानदाराने पुढचं काही ऐकून न घेता 'धडक गेंडा, भाग सोळा' तुमच्या हातात ठेवला. तुम्ही म्हणालात, गेंडा नको, लिफ्टचा द्या. त्यावर तो म्हणाला, 'आजोबा, गेंडा लिफ्टमधूनपण जातो की, तिसऱ्या लेव्हलला.' हे वाचून मी ऑफिसात एवढी हसले की शेजारच्याने माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. पण पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंत, 'खरं सांग, तुला नोकरी आहे ना?' तिथे माझं हसू थांबलं. म्हणून हे सविस्तर पत्र.

मामा, नोकरी आहे. गेमही आहे. लोकांना तो दिसत नाही, एवढंच.

आमच्या कंपनीला चाळीस वर्षं झाली, त्यातली एकतीस गेंड्याची. चाकांचे बूट घालून भिंती फोडत जाणारा हा प्राणी आमच्या स्वागतकक्षात पुतळ्याच्या रूपाने उभा आहे (येणारे जाणारे त्याच्या शिंगाला छत्र्या अडकवतात). वरच्या दोन मजल्यांवर दोनशे माणसं गेंड्याचं काम करतात. नुसत्या कातडीच्या सुरकुत्यांसाठी नऊ माणसं आहेत आणि त्यांची आपसात भांडणं आहेत. आम्ही सहा जण. आमची खोली पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायची होती. खुर्च्या अजून तिथेच आहेत, आम्ही त्यांच्यावर बसतो.

चार वर्षं खपून आम्ही जो गेम केला त्याचं नाव 'वर जाणार?'. चाळीस मजली इमारत, एक लिफ्ट आणि पिशवी घेऊन जिने चढणारा एक मेकॅनिक. दर वेळी कोणीतरी आत अडकतं. मेकॅनिकने एकीकडे दुरुस्ती करायची आणि दुसरीकडे दारातून त्या माणसाशी बोलत राहायचं. बोलणं तुटलं की आतला घाबरतो आणि सगळं पहिल्यापासून. हा मेकॅनिक कोण ते तुम्हाला सांगायला नको. सुट्टीत मी तुमच्याबरोबर लिफ्टच्या मशीन रूममध्ये बॅटरी धरून उभी राहायची तेव्हा तुम्ही हातात पाना घेऊन खाली अडकलेल्याला ओरडून विचारायचात, 'आज घरी जेवायला काय आहे?' तोवर मरायला टेकल्यासारखा हाका मारणारा माणूस एकदम घरगुती आवाजात भाजीचं नाव सांगायचा, आणि तो आमटीपर्यंत पोहोचेस्तोवर लिफ्ट हललेली असायची. ते मी जसंच्या तसं उचललं. (परवानगी घ्यायची राहिली. आता दिली असं धरून चालते.)

नावावरून सहा बैठका झाल्या. आमच्या जाहिरातप्रमुखांचं म्हणणं, 'वर जाणार?' असं हॉस्पिटलात खाटेवरच्या माणसाला विचारल्यासारखं वाटतं. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं, पण तोवर खोके छापून झाले होते.

मग गेमची चित्रफीत जगापुढे आली. खाली अकराशे लोकांनी मतं लिहिली. त्यातल्या नऊशेंनी विचारलं होतं, 'गेंडा कधी?' उरलेल्यांपैकी एका बारीक नजरेच्या गृहस्थाने शोध लावला की लिफ्टचं दार मिटताना मागच्या सावलीत शिंग दिसतं. झालं! तीन दिवस नुसता गदारोळ. हा गुपचूप काढलेला गेंड्याचाच गेम आहे, चाळिसाव्या मजल्यावर गेंडा अडकलाय, अशी बातमी पसरली आणि पुष्कळ लोकांनी त्या आशेवर गेम घेतला. ते सावलीतलं शिंग म्हणजे मेकॅनिकच्या पिशवीचं वर आलेलं टोक होतं, मामा. बिचारे चाळीस मजले दुरुस्त करत वर गेले. तिथे एक म्हातारी बाई अडकलेली असते, जिला फक्त कोणीतरी आपलं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकून घ्यायला हवं असतं. तो प्रसंग लिहिताना आम्ही सहाही जण रडलो होतो. या लोकांनी लिहिलं, 'शेवटी गेंडा नाही. फसवणूक.'

त्यानंतर एका शनिवारी मला दुकानात उभं केलं, लोकांना गेम खेळवून दाखवायला. दोन पडदे होते. एकावर गेंडा, त्याच्यापुढे रांग थेट जिन्यापर्यंत. दुसऱ्यावर माझा गेम, त्याच्यापुढे मी. सकाळभरात अकरा जण माझ्याकडे आले. चौघांनी स्वच्छतागृह विचारलं, सहा जण गेंड्याच्या रांगेत पाय दुखले म्हणून माझ्या स्टुलावर टेकले. अकरावा मात्र पुढ्यात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र (सुट्टीच्या दिवशीही), डोळे थकलेले. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी.

'तुम्ही केलाय?' त्याने विचारलं.

'आम्ही सहा जणांनी.'

'चांगला दिसतोय. पण राग मानू नका, मी नाही घेणार.' मग जरा जवळ येऊन म्हणाला, 'आमच्याकडे दर सहा महिन्यांनी कामाची नवी पद्धत येते. दिवसभर मी नवीनच शिकत असतो हो. घरी गेल्यावर एक तास मिळतो, तेवढ्यात बोटांना पाठ असलेलं काहीतरी हवं. गेंडा कुठे वळतो ते माझ्या अंगठ्याला माहीत आहे. मला विचारावंसुद्धा लागत नाही.'

'मग तो सोळाव्यांदा तेच करतो, त्याचं काय?'

'तेच तर बरं वाटतं,' तो म्हणाला, आणि रांगेतली जागा जाईल म्हणून लगबगीने गेला.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट दुपारभर रिकामी उभी राहून मी विचारच करत बसले. हाच गेम एखाद्या नवख्या कंपनीने काढला असता तर लोक म्हणाले असते, 'बघा, पोरांनी काय करून दाखवलंय!' आमच्याकडून आला की म्हणतात, 'अरेरे, म्हणजे गेंड्याला उशीर होणार.' दोष तरी कुणाला देऊ? एकतीस वर्षं आम्हीच लोकांना शिकवलं की आमचं नाव म्हणजे गेंडा. आता त्याच नावाखाली आम्ही दुसरं काही मांडलं तर त्यांना ते दोन गेंड्यांमधलं लोणचं-पापड वाटतं. आणि घरी आल्यावर कपाटाकडे नजर गेली. तिथे दुसऱ्या एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीचा अगदी नवा गेम दोन वर्षांपासून पडून आहे. वाढदिवसाला मिळालेला. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा मी फाडलेला नाही, कारण त्याच कंपनीचा शेतीचा जुना गेम मी नवव्यांदा खेळते आहे. (माझ्या कोबीला या वेळी कीड लागलेली नाही.) तेव्हा त्या कचेरीतल्या माणसाला बोल लावायला मी कोण?

पुढच्या आठवड्यात जाहिरातप्रमुखांनी बैठक बोलावली. गेममध्ये बाविसाव्या मजल्यावर लिफ्टमध्ये गेंडा घालावा, नाहीतर आमची खोली बंद करून आम्हा सहा जणांना सुरकुत्यांच्या विभागात पाठवावं, असे दोन पर्याय मांडले. मी रात्रीच राजीनाम्याची दोन वाक्यं पाठ करून आले होते. पहिलं वाक्य तोंडात आलं, इतक्यात दार उघडून थोरले साहेब आत आले. थोरले साहेब म्हणजे कंपनीचे संस्थापक. वय पंचाहत्तर, ऑफिसात महिन्यातून एकदा येतात आणि कुठल्याही बैठकीत शिरून बसतात. त्यांची नात घरी एक गेम खेळत होती, तो त्यांनी हातात घेतला आणि दोन दिवस सोडलाच नाही म्हणे. आल्या आल्या सुरू झाले, 'लिफ्टचा गेम आहे. शेवटी एक आजीबाई आहे, तिने तर मला पार हलवून टाकलं. असं काही आपल्याकडे का होत नाही? कोणत्या कंपनीची पोरं आहेत ती, शोधून काढा आणि काहीही करून आपल्याकडे ओढा!'

जाहिरातप्रमुख टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. शेवटी मीच हात वर केला आणि म्हटलं, 'साहेब, आम्ही तिसऱ्या मजल्यावर असतो.'

'आपलीच पोरं?' ते म्हणाले. 'खोक्यावर आपलं नाव आहे, पण मला वाटलं छपाईत चुकलं असेल.'

मामा, मी राजीनामा गिळला. खोली राहिली, सहाही जण राहिले, उलट चार नव्या खुर्च्या मिळाल्या. मी त्याच दमात साहेबांना पुढची कल्पना सांगितली: नदीवर तराफा चालवणाऱ्या दोन बहिणींचा गेम. त्यांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, 'छान आहे, पण नवीन कोण बघतो? लिफ्टचा भाग दोन करा.' बाहेर आल्यावर आम्ही सहा जण जिन्यात बसून पोट धरधरून हसलो. मग भाग दोनच्या कामाला लागलो. खरं सांगू? मजा येते आहे. मेकॅनिक जिना कसा चढतो हे आता माझ्याही अंगठ्याला पाठ झालं आहे.

असो. काळजी करू नये. मामीला सांगा, तिची भाची सुखात आहे.

तुमची
खटपटी

ता. क. खरं तर हे पत्र तीन ओळींचंच व्हायचं होतं, त्या ओळी राहूनच गेल्या. आम्ही राहतो त्या इमारतीची लिफ्ट अठरा दिवस झाले पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये उभी आहे. आत माणूस नाही, सोसायटीच्या अध्यक्षांचा नवा सोफा आहे. दुरुस्तीवाले पुढच्या महिन्याची तारीख देतात. तुम्ही दोन दिवसांसाठी याल का? येताना पाने आणावेत.

ता. क. २. इमारतीत मात्र माझा गेम सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे अध्यक्षांनी सभेत मला लिफ्टमधली तज्ज्ञ म्हणून जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि मला मशीन रूमची किल्ली देण्यात आली. मी नको म्हणायला हवं होतं. तेव्हापासून तळमजल्याची घंटा वाजवली की जिन्यातले दिवे जातात.

ता. क. ३. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही पहिलं विचारलं असतं, 'आधी सांग, तू काय दाबलंस?' पत्रात बरं असतं, समोरच्याला मध्येच बोलता येत नाही.